उताऱ्यावरच्या तपशिलाच्या प्रश्नांत गुण का जातात आणि ते कसे वाचवायचे

दर रविवारी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका अभ्यासिकेत मी मुलामुलींचे सीसॅटचे, म्हणजे राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरचे, सराव पेपर तपासायला बसते. चुकलेल्या प्रश्नाला मी लगेच बरोबर उत्तर सांगत नाही. उतारा पुढे सरकवते आणि म्हणते, "बोट ठेव." म्हणजे ज्या ओळीवरून हे उत्तर काढलं, त्या ओळीवर. दहातले आठ जण आधी माझ्याकडे बघतात, मग छताकडे. "मॅडम, वाचल्यालं की वो मघाशी," हे ठरलेलं उत्तर.

वाचलेलं असतंच. उत्तर मात्र ओळीवरून न देता आठवणीवरून दिलेलं असतं.

तपशिलाचा प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर उताऱ्यात पांढऱ्यावर काळं छापलेलं आहे असा प्रश्न. कोण, कधी, किती, कशामुळे, कशाचा उल्लेख आहे, कशाचा नाही. ना तर्क लढवायचा, ना लेखकाचा सूर ओळखायचा. तरीही सर्वात जास्त फुकटचे गुण इथंच जातात, कारण प्रश्न सोपा दिसतो आणि हात सैल पडतो.

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण, चुकीच्या उत्तराला त्याचा चौथा हिस्सा म्हणजे ०.६२५ वजा. पेपर अर्हताकारी म्हणजे फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण लागतात. एकही चूक न करता २७ उत्तरं बरोबर आली तर ६७.५ होतात आणि काम झालं. दहा उत्तरं चुकली तर मात्र २७ पुरत नाहीत, २९ लागतात. उताऱ्यांवर बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त प्रश्न आलेले आहेत. म्हणजे गणिताची भीती असणाऱ्यालाही हा पेपर उताऱ्यांच्या जोरावर काढता येतो, फक्त हाताशी असलेले गुण सांडायचे नाहीत.

खालची पद्धत क्रमाने करायची आहे. मधली पायरी गाळली की पुढची चालत नाही.

## पायरी ० : बसण्यापूर्वीची तयारी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मोफत मिळतात. त्या छापून घ्या. मोबाईलच्या पडद्यावर सराव करू नका; परीक्षा कागदावर आहे आणि खुणा करायची सवय हाताला लागायला हवी. क्लासच्या सराव पेपरांना माझा विरोध नाही, पण पहिले तीन आठवडे ते बाजूला ठेवा. अनेकांतले उतारे घाईत भाषांतर केलेले असतात आणि पर्याय ढिले असतात. ढिल्या पर्यायांवर तयार झालेला डोळा खऱ्या पेपरात फसतो.

सोबत तीन गोष्टी हव्यात: काळं बॉलपेन, काट्यांचं घड्याळ आणि एक दोनशेपानी वही. वहीचं काम शेवटी येईल.

राज्यसेवेच्या पेपरात बहुतेक उतारे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेले असतात. कुठल्या भाषेत वाचायचं हे घरी ठरवा, परीक्षागृहात नको. मराठीतून वाचत असाल तर एखादं वाक्य दोनदा वाचूनही उलगडलं नाही, की तेवढ्याच वाक्यापुरतं इंग्रजीकडे बघा आणि परत या. यूपीएससीला ही सोय नाही, तिथं हिंदी आणि इंग्रजीच असतात.

इशारा: अर्धा उतारा मराठीत आणि अर्धा इंग्रजीत वाचणारे मी पाहिलेत. प्रश्नातला शब्द शोधताना तो नेमका दुसऱ्या भाषेतल्या अर्ध्या भागात असतो आणि तीन मिनिटं जातात.

## पायरी १ : आधी प्रश्नाची जात ओळखा

सगळेच प्रश्न तपशिलाचे नसतात. "उताऱ्यानुसार", "लेखकाने म्हटल्याप्रमाणे", "पुढीलपैकी कशाचा उल्लेख आहे", "कोणते कारण दिले आहे" असं आलं की तपशील. "सूचित होते", "अनुमान काढता येईल", "योग्य शीर्षक", "मध्यवर्ती कल्पना" असं आलं की वेगळा प्रकार. तिथं या लेखातली पद्धत अर्धीच लागू पडते.

प्रश्नाच्या डोक्यावर त (तपशील) किंवा अ (अनुमान) असं एक अक्षर टाका. दोन सेकंदांचं काम आहे. अनुमानाच्या प्रश्नात उत्तर उताऱ्यापेक्षा एक पाऊल पुढे असतं. तपशिलाच्या प्रश्नात एक पाऊल पुढे गेलेला पर्याय हाच सापळा असतो. जात ओळखली नाही तर दोन्हीकडे मार बसतो.

## पायरी २ : प्रश्न वाचा, पर्याय नको, मग उतारा

आधी उतारा की आधी प्रश्न, यावर अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर चहा घेत तासन्‌तास वाद चालतात. माझं मत सरळ आहे. आधी पाचही प्रश्नांची फक्त प्रश्नवाक्यं वाचा. पर्याय वाचू नका. चार पर्यायांतले तीन खोटे असतात. उतारा वाचण्यापूर्वीच ते डोक्यात शिरले की उताऱ्यात नसलेल्या गोष्टीही तिथं दिसायला लागतात.

प्रश्नवाक्यातला एकच शब्द अधोरेखित करा, जो उताऱ्यात शोधायचा आहे. मग उतारा एका दमात वाचा. त्या वाचनात तीनच खुणा करायच्या:

- नाव, वर्ष, आकडा याभोवती गोल
- पण, मात्र, तथापि, उलट, तरीही यांवर चौकोन
- प्रत्येक परिच्छेदाच्या समासात दोन शब्दांचं नाव, जसं "फळ्या–कधी" किंवा "माथा–पूल"

यापेक्षा जास्त खुणा केल्या की पान रंगपंचमीसारखं होतं आणि काहीच सापडत नाही.

बँकेच्या परीक्षा संगणकावर असतात, तिथं उताऱ्यावर खूण करता येत नाही. तिथं कच्च्या कागदावर परिच्छेदांची नावं एकाखाली एक लिहा, तेवढं पुरतं.

आता सरावाचा उतारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच करू. इथं सोयीसाठी वाक्यांना क्रमांक दिले आहेत, परीक्षेत ते नसतात.

> (१) कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात नदीच्या पात्रात ठराविक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभारून त्यांना उभ्या खाचा ठेवल्या जातात. (२) पारंपरिक रीतीनुसार पावसाळा संपत आला की या खाचांमध्ये फळ्यांच्या दोन रांगा बसवतात व मधल्या जागेत माती भरून पाणी अडवतात. (३) पुढच्या पावसाळ्यापूर्वी फळ्या काढून घेतल्या जात असल्याने पुराचे पाणी आणि त्याबरोबर येणारा बराचसा गाळ पुढे निघून जातो. (४) साठा नदीच्या पात्रातच होत असल्यामुळे सुपीक जमीन सहसा बुडत नाही. (५) अशा बंधाऱ्यांना बहुधा कालवे नसतात. काठावरचे शेतकरी पंपाने पाणी उचलून घेतात. (६) अनेक बंधाऱ्यांचा माथा पूल म्हणूनही वापरात असतो. मोठ्या पुरात मात्र तो पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबते. (७) फळ्या काढायला उशीर झाला, तर पहिल्या पुरात त्या वाहून जाण्याची भीती असते आणि बसवण्याची घाई केली, तर परतीच्या पावसात तीच वेळ येते. (८) उलट त्या फार उशिरा बसवल्या, तर अडवण्याजोगे पाणी आधीच निघून गेलेले असते.

प्रश्न १. उताऱ्यानुसार या बंधाऱ्यांतून बराचसा गाळ पुढे जातो, कारण—
(१) खांबांना उभ्या खाचा असतात (२) रांगांच्या मधे माती भरतात (३) पावसाळ्यापूर्वी फळ्या काढल्या जातात (४) शेतकरी पंपाने पाणी उचलतात

प्रश्न २. पुढीलपैकी कोणते विधान उताऱ्याशी जुळत नाही?
(१) काही बंधाऱ्यांवरून वाहतूक चालते (२) या बंधाऱ्यांना कालवे कधीच नसतात (३) पाण्याचा साठा पात्रात होतो (४) फळ्या बसवण्याच्या वेळेचा साठ्यावर परिणाम होतो

प्रश्न ३. उताऱ्यात पुढीलपैकी काय सांगितले आहे?
(अ) फळ्या लवकर बसवण्यात धोका आहे (ब) या बंधाऱ्यांमुळे जिल्ह्यातील उसाचे क्षेत्र वाढले (क) मोठ्या पुरात बंधाऱ्यावरची वाहतूक थांबते
पर्याय: (१) फक्त अ (२) फक्त अ आणि क (३) फक्त ब आणि क (४) अ, ब आणि क

प्रश्न ४. "तीच वेळ येते" यातील "तीच वेळ" म्हणजे—
(१) फळ्या काढण्याची (२) फळ्या वाहून जाण्याची (३) पाणी निघून जाण्याची (४) वाहतूक थांबण्याची

पुढे वाचण्यापूर्वी चारही सोडवा. प्रत्येक उत्तरापुढे वाक्याचा क्रमांक लिहा.

## पायरी ३ : ओळ गाठा

प्रश्नातला अधोरेखित शब्द घेऊन उताऱ्यात उतरायचं. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. पेपर काढणारा काही शब्द बदलू शकतो, काही नाही. विशेषनामं, वर्षं, आकडे, पारिभाषिक शब्द त्याला सहसा बदलता येत नाहीत. क्रियापदं, विशेषणं आणि कारणाची जोडणी तो हमखास बदलतो. म्हणून शोधायचा शब्द नेहमी न बदलणारा निवडा. पहिल्या प्रश्नात "कारण" शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण उताऱ्यात तो शब्दच नाही. "गाळ" शोधा, वाक्य ३ लगेच हाती येतं.

ओळ सापडली की तिच्या आधीचं एक आणि नंतरचं एक वाक्य वाचायचंच. मराठी वाक्यात कर्ता पुष्कळदा मागच्या वाक्यात राहिलेला असतो आणि इथं फक्त "त्या", "तो", "हे", "तसे" उरतं. प्रश्न ४ मुद्दाम त्यासाठी ठेवला आहे. "तीच वेळ" हे शब्द आले की लगेच आधीचं उपवाक्य बघा: "त्या वाहून जाण्याची भीती". उत्तर २. ज्यांनी तिसरा पर्याय निवडला त्यांचा डोळा वाक्य ८ वर घसरला. "तीच" हा शब्द मागे बोट दाखवतो, पुढे नाही.

तपासा: बोट ओळीवर आहे का? नसेल तर पुढच्या पायरीवर जायचं नाही. अर्ध्या मिनिटात ओळ सापडली नाही, तर प्रश्नावर गोल करून पुढचा प्रश्न घ्या. दुसऱ्या प्रश्नाची ओळ शोधताना पहिल्याची बऱ्याचदा आपोआप सापडते.

## पायरी ४ : पर्याय झाकून उत्तर म्हणा

ओळ वाचली की पर्यायांवर तळहात ठेवा आणि मनातल्या मनात चार-पाच शब्दांत उत्तर द्या. "फळ्या पावसाआधी काढतात म्हणून." मग हात उचला आणि त्याच्याशी जुळणारा पर्याय शोधा. उत्तर ३.

ही पायरी सगळ्यांना बालिश वाटते आणि सगळे ती टाळतात. पण प्रश्न १ चे चारही पर्याय उताऱ्यात खरेच आहेत. खाचा आहेत, माती आहे, पंप आहे. विधान खरं आहे पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही, अशा पर्यायाला पर्याय वाचत बसणारा माणूस फसतो. आधी उत्तर म्हणून झालेला फसत नाही.

## पायरी ५ : पर्यायातले बारके शब्द तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. मराठीत अर्थ फिरवायला अख्खा शब्द लागत नाही, एक अक्षर पुरतं.

च आणि ही. "पूल म्हणून वापर होतो", "पूल म्हणूनच वापर होतो" आणि "पूल म्हणूनही वापर होतो" ही तीन वेगळी विधानं आहेत. वाक्य ६ मध्ये "म्हणूनही" आहे, म्हणजे मुख्य काम दुसरं आहे. "बंधाऱ्याचा माथा वाहतुकीसाठी बांधलेला असतो" असा पर्याय आला तर तो चूक. वाचताना आपण ही अक्षरं गिळतो. पेपर काढणारा नेमका त्यांच्यावरच बसलेला असतो.

प्रमाण सांगणारे शब्द. सर्व, बहुतेक, अनेक, काही, क्वचित, सहसा, बहुधा, कधीच नाही. यांची उतरंड डोक्यात पक्की हवी. उताऱ्यातलं "बहुधा नसतात" पर्यायात "कधीच नसतात" झालं की विधान बाद. प्रश्न २ चं उत्तर म्हणून २. मात्र उलट दिशेनं खाली आलेलं विधान चालतं: उताऱ्यात "अनेक बंधाऱ्यांचा माथा" आहे आणि पर्यायात "काही बंधाऱ्यांवरून". अनेकांत काही येतातच. या एका मुद्द्यावर मुलं माझ्याशी भांडतात, आणि उत्तरतालिका बघून गप्प होतात.

जोडणीचे प्रत्यय. ही चार वाक्यं मोठ्यानं वाचा.

पूल बंद झाल्यावर गगनबावड्याची एस. टी. थांबली.
पूल बंद झाल्यामुळे एस. टी. थांबली.
पूल बंद झाला तर एस. टी. थांबते.
पूल बंद झाला तरी एस. टी. थांबली नाही.

पहिल्यात फक्त वेळ आहे, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात अट, चौथ्यात अटीला न जुमानणं. उताऱ्यात "-ल्यावर" आणि पर्यायात "-ल्यामुळे" हा जुना सापळा आहे. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींना आपलं मन आपोआप कारण-परिणाम लावून टाकतं. "तर" असलेल्या वाक्याचं पर्यायात घडून गेलेल्या घटनेत रूपांतर होतं, तेही असंच. वाक्य ७ सांगतं की उशीर झाला तर फळ्या वाहून जाण्याची भीती असते. "उशिरामुळे दरवर्षी फळ्या वाहून जातात" असं उताऱ्यात कुठंच नाही.

कोण म्हणतंय? "काही तज्ज्ञांच्या मते", "टीकाकारांचे म्हणणे असे की", "असा समज आहे" यानंतर आलेलं मत लेखकाचं नसतं. लेखक अनेकदा पुढच्याच वाक्यात "मात्र" म्हणून ते खोडतो. चौकोनाची खूण इथं कामाला येते. तसंच "प्रस्तावित", "अपेक्षित", "शिफारस केली" म्हणजे झालेलं नाही. समितीनं सुचवलं आणि शासनानं केलं यांत आपल्याकडे किती अंतर असतं ते सांगायला नको.

आकडे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरच्या पोरासोरांना पाठ आहे. तरीही "पातळी ४१ फूट असताना काय स्थिती असते?" असा प्रश्न उताऱ्यावर विचारला की निम्मी मुलं "धोका पातळी ओलांडली" म्हणतात. दोन आकडे शेजारी आले की त्यांची नावं अदलाबदल होतात. उपाय एकच: आकड्याभोवती गोल केलात की त्याचं नाव त्याला रेघेनं जोडा. एकक बघा, उताऱ्यात एक दशलक्ष आणि पर्यायात दहा लाख असेल तर दोन्ही एकच. "दुप्पट झाले" म्हणजे १०० टक्के वाढ, २०० नव्हे. "पर्यंत", "पासून", "किमान", "कमाल", "पूर्वी", "नंतर" यांच्याखाली रेघ मारूनच पर्याय वाचा.

तपासा: निवडलेल्या पर्यायातला प्रत्येक शब्द ओळीत सापडतो का, त्याच शब्दात किंवा त्याच अर्थानं? एक तुकडा जरी बाहेरचा असला तरी पर्याय गेला. पाऊणभाग बरोबर असलेला पर्याय हा पूर्ण चुकीचा पर्याय आहे.

## पायरी ६ : स्वतःचं ज्ञान बाहेर काढून ठेवा

प्रश्न ३ मधलं ब विधान आठवा. उसाचं क्षेत्र वाढलं. कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही हे वाचून मान हलवावीशी वाटेल. करवीर तालुक्यातला एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, आमच्या गावच्या बंधाऱ्याचे बरगे माझे काका घालतात, ऊस त्यावरच हाय की." बरगे म्हणजे या फळ्याच. असेल. उताऱ्यात ऊस हा शब्दच नाही. अ ला वाक्य ७ आहे, क ला वाक्य ६ आहे, ब ला ओळ नाही. उत्तर २.

माझा अनुभव असा की ओळखीच्या विषयावरच्या उताऱ्यात चुका जास्त होतात. क्वांटम भौतिकीवरचा उतारा मुलं घाबरून ओळ न् ओळ बघतात आणि सोडवतात. शाहू महाराजांवरचा आला की डोळे मिटून उत्तरं देतात. समजा उताऱ्यात इतकंच आहे: "संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी जागा राखून ठेवण्याचा आदेश महाराजांनी काढला." पर्यायात आलं: "२६ जुलै १९०२ च्या आदेशानं ५० टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या." इतिहासाच्या पेपरात हे बरोबर. इथं "उताऱ्यानुसार" असा प्रश्न असेल तर चूक, कारण तारीख आणि टक्के उताऱ्यात नाहीत.

उलटंही होतं. उताऱ्यात तुमच्या माहितीशी न जुळणारं काही लिहिलेलं असेल, तर उताऱ्याचंच ऐका. पेपर दुरुस्त करायला आपण बसलेलो नाही.

इशारा: "हे मला माहीत आहे" असं मनात आलं की तोच धोक्याचा भोंगा समजा. पुन्हा बोट ओळीवर ठेवा.

## पायरी ७ : नकारार्थी आणि अनेक-विधानी प्रश्न

"जुळत नाही", "उल्लेख नाही", "अयोग्य", "वगळता" हे शब्द दिसताच त्यांच्याभोवती जाड गोल करा आणि प्रत्येक पर्यायापुढे ✓ किंवा ✗ लिहा. डोक्यात हिशेब ठेवू नका. तिसऱ्या पर्यायापर्यंत पोचेपर्यंत मन प्रश्नातला "नाही" विसरतं, पहिलं खरं विधान दिसलं की हात तिकडे जातो. चार खुणांत जी एकटी वेगळी पडेल ते उत्तर.

"अयोग्य नाही ते निवडा" अशी दुहेरी नकाराची वाक्यं आली तर समासात सरळ मराठीत लिहा: "योग्य निवडा". शब्दांची कसरत वाचत बसू नका.

अ-ब-क विधानांच्या प्रश्नात ज्या विधानाची ओळ सर्वात लवकर सापडेल तिथून सुरुवात करा. प्रश्न ३ मध्ये क ची ओळ पटकन मिळते. क बरोबर ठरलं की पर्याय १ उडाला. ब ला ओळ नाही म्हटल्यावर ३ आणि ४ दोन्ही उडाले. अ न बघताही उत्तर हाती आलं. तरीही अ ची ओळ बघा, दहा सेकंद लागतात. "ओळ नाही" हा निष्कर्ष काढण्यापूर्वी मात्र त्या विधानाचा मुख्य शब्द अख्ख्या उताऱ्यात वरून खाली शोधा. आहे हे सिद्ध करायला एक ओळ पुरते, नाही म्हणायला सगळा उतारा पाहावा लागतो. म्हणून असे प्रश्न त्या उताऱ्याच्या शेवटी घ्या.

## पायरी ८ : वेळ, अंदाज आणि गोळे

पाच प्रश्नांच्या उताऱ्याला सात मिनिटं. दोन मिनिटं वाचन, प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट. सात झाली की उरलेला प्रश्न सोडून पुढे जा, मग तो कितीही गोड वाटत असो. दहा उताऱ्यांना सत्तर मिनिटं गेली तरी उरलेल्या प्रश्नांना पन्नास राहतात.

अंदाज कधी मारायचा? ओळीच्या आधारावर दोन पर्याय उडाले असतील तर मारा. अडीच मिळण्याची आणि ०.६२५ जाण्याची शक्यता सारखीच उरते, सौदा फायद्याचा आहे. "हा पर्याय लांबलचक आहे म्हणून बरोबर असेल" किंवा "बराच वेळ ३ आलं नाही" अशा कारणानं पर्याय उडवला असेल तर तो उडालाच नाही.

उत्तरपत्रिकेवरचे गोळे उतारा संपला की लगेच रंगवा, पाच-पाच. एकेक प्रश्नामागे रंगवलं तर लय तुटते. सगळे शेवटी ठेवले तर काय होतं ते मागच्या वर्षी अभ्यासिकेतल्या एका मुलीनं सराव पेपरात अनुभवलं: एक प्रश्न सोडला होता, गोळा सोडायचा राहिला, आणि तिथून पुढची बावीस उत्तरं एकेक घर सरकली.

तपासा: प्रत्येक उताऱ्यानंतर शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक आणि शेवटच्या गोळ्याचा क्रमांक एकच आहे ना?

## पायरी ९ : वही

आता ती दोनशेपानी वही. पेपर सोडवण्याइतकाच वेळ चुका बघायला द्यायचा. पेपर दोन तासांचा असेल तर वहीही दोन तासांची. आठवड्याला चार पेपर फोडून वही कोरी ठेवणाऱ्यापेक्षा एक पेपर सोडवून वही भरणारा पुढे जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला एक ओळ आणि चार रकाने: मी निवडलेला पर्याय, बरोबर पर्यायाची उताऱ्यातली ओळ (शब्दशः उतरवून), माझ्या पर्यायातला नेमका कोणता शब्द खोटा होता, आणि चूक कुठल्या पायरीवर झाली त्या पायरीचा क्रमांक. तिसरा रकाना भरताना घाम फुटतो. "गडबडीत चुकलं" असं तिथं लिहायचं नाही. शब्द लिहायचा: "बहुधा → कधीच", "-ल्यावर → -ल्यामुळे", "ऊस".

अंदाजानं बरोबर आलेले प्रश्नही वहीत घ्या. सोडवताना त्यांच्यापुढे टिंब काढून ठेवलं तर नंतर सापडतात.

पाच पेपर झाले की चौथ्या रकान्यातले आकडे मोजा. बहुतेकांच्या वहीत ३ आणि ५ सर्वाधिक निघतात. ३ जास्त असेल तर आठवडाभर प्रश्न सोडवूच नका. नुसतं प्रश्नवाक्य वाचायचं, ओळ शोधायची, क्रमांक टाकायचा, पुढचा प्रश्न. ५ जास्त असेल तर रोज सकाळी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातला एक परिच्छेद घ्या आणि त्यातल्या च, ही, फक्त, सहसा, तर, तरी यांना गोल करा, मग प्रत्येक गोल खोडून वाक्याचा अर्थ किती बदलतो ते शेजारच्याला सांगा. शेजारी कुणी नसेल तर मोठ्यानं स्वतःला सांगा. आमच्या अभ्यासिकेत हे गच्चीवर करतात, खाली बोलायला बंदी आहे.